पाठलाग घडण्यापूर्वी : मानसिक आरोग्यसेवेचे स्थान

निवासी शाळेत अनेक वर्षे अधीक्षक म्हणून काम केलेल्या माणसाला मुलांच्या ट्रंका तपासण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशाच एका तपासणीत उच्च माध्यमिक वर्गातील एका मुलाच्या ट्रंकेत मला दोनशे पानी वही सापडली. तो मुलगा शांत, अभ्यासू आणि थोडा एकलकोंडा होता. वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भीमगीते गाणाऱ्या एका गायिकेला उद्देशून लिहिलेली पत्रे होती. प्रत्येक पत्रावर तारीख होती. त्या मुलाने तिला केवळ दोनदा, तेही हजारोंच्या गर्दीत, मंचावर पाहिले होते. तरीही एका पत्रात त्याने लिहिले होते की, दुसऱ्या कडव्याच्या वेळी ती आपल्याकडे पाहून थांबली आणि त्या थांबण्याचा अर्थ आपल्याला समजला आहे.

खोलीतील मुले हसली. मी वही जप्त केली, त्याला कार्यालयात बोलावून रागावलो आणि बारावीचे वर्ष आहे, अभ्यासात लक्ष घाल, असे सांगून परत पाठविले. त्याने मान हलविली. माझ्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले होते.

ते संपलेले नव्हते. शाळा सोडल्यानंतर दोन वर्षांनी तो त्या गायिकेच्या घरासमोर सलग तीन दिवस बसून राहिला. तिच्या कुटुंबीयांनी पोलिसांना बोलाविले. त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, माह्या पोराले कोणी काही केलं का? तुमच्याकडं असताना तर असा नव्हता.” तिला खरे उत्तर देण्याचे धैर्य त्या दिवशी माझ्यात नव्हते. तो आमच्याकडे असतानाच तसा होता. आम्ही ते पाहिले होते आणि त्याला ‘नाद’ म्हटले होते. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. मूळ घटना मात्र अशीच आहे. त्या वहीचे मी काय करावयास हवे होते, या प्रश्नाच्या उत्तरासाठी हा अभ्यास केला आणि तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

१. पाठलाग म्हणजे काय?

आपल्या बोलीत या गोष्टीला पुष्कळ शब्द आहेत. पोराला नाद लागला, खूळ भरले, तो तिच्या मागे लागला, असे आपण सहज म्हणतो. यांतील प्रत्येक शब्दात थोडे हसू आणि थोडी सहनशीलता दडलेली असते. हिंदी चित्रपटांनी तर नकाराला होकाराची पहिली पायरी मानण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावली. कायदा मात्र या गोष्टीकडे हसत पाहत नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले आणि स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शविल्यानंतरही पुनःपुन्हा तिच्या मागे जाणे, तिच्याशी संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे यासाठी पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पीडित अठरा वर्षांखालील असेल आणि हेतू लैंगिक असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. तेथे मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर, अर्थात शाळेवरही, ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे.

‘सार्वजनिक व्यक्ती’ म्हटले की मुंबईतील नटनट्या आणि मंत्री आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या वऱ्हाडातही अशा व्यक्ती आहेत. चौदा एप्रिलच्या मंचावर गाणारी गायिका, महिला आरक्षणातून निवडून आलेली सरपंच, दारोदार फिरणारी आशाताई, महाविद्यालयातील प्राध्यापिका आणि मोबाइलवर आपल्या कवितांच्या चित्रफिती टाकणारी तरुणी या सर्वांना अनोळखी माणसे ओळखतात. ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याने आपल्याला ओळखणे, ही प्रसिद्धीची पहिली खूण आहे आणि तिच्यातील धोकाही तेथूनच सुरू होतो.

हा धोका नवा नाही. थेरीगाथेत शुभा नावाच्या भिक्खुणीची कथा आहे. राजगृहातील जीवकाच्या आम्रवनात जात असताना एका तरुणाने तिची वाट अडविली आणि तो तिच्या डोळ्यांची स्तुती करू लागला. तिने परोपरीने समजावूनही तो हटेना. अखेर ज्या डोळ्यांचे त्याला वेड लागले होते, त्यांतील एक डोळा तिने स्वतः काढून त्याच्या हाती दिला. तेव्हा तो भानावर आला आणि त्याने क्षमा मागितली. ही कथा वैराग्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि शिक्षक म्हणून मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. भ्रम त्या तरुणाच्या मनात होता, पण त्याची किंमत शुभेला द्यावी लागली. पाठलागाच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आजही हेच घडते.

२. पाठलाग करणारे सर्व सारखे नसतात

ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ पॉल मुलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठलाग करणाऱ्या १४५ व्यक्तींचा अभ्यास करून १९९९ मध्ये त्यांचे पाच प्रकार मांडले. पहिला प्रकार नाकारलेल्याचा. संबंध तुटला किंवा मागणी फेटाळली गेली, हे त्याला सहन होत नाही. दुसरा जवळीक शोधणाऱ्याचा. ज्या व्यक्तीशी त्याचा काहीही संबंध नाही, तिच्याशी आपले नाते आहे किंवा होणारच आहे, असे तो मानतो. तिसरा अजाण याचकाचा. बोलावे कसे, थांबावे केव्हा, हे त्याला उमगत नाही. चौथा सूड बाळगणाऱ्याचा. आपल्यावर अन्याय झाला या भावनेने तो एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा नेत्याच्या मागे लागतो. पाचवा शिकाऱ्याचा. तो हल्ल्याची तयारी म्हणून पाळत ठेवतो.

या विभागणीचे महत्त्व असे की, उपाय प्रकारानुसार बदलतो. नाकारलेला आणि शिकारी यांना बहुधा आपण काय करीत आहोत हे पूर्ण कळत असते. तेथे कायद्याचा धाक प्रथम हवा. सार्वजनिक व्यक्तींच्या मागे लागणाऱ्यांत मात्र दुसरा आणि चौथा प्रकार विशेष आढळतो, आणि या दोहोंत, त्यातही जवळीक शोधणाऱ्यांत, गंभीर मानसिक आजाराचे प्रमाण मोठे असते. प्रसिद्ध किंवा उच्चपदस्थ व्यक्तीचे आपल्यावर गुप्त प्रेम आहे, अशा पक्क्या भ्रमाचे सविस्तर वर्णन फ्रान्सचे मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये केले. त्याला आपण प्रेमभ्रम म्हणू. प्रेमभ्रमात नकाराचाही अर्थ होकार होतो. तिने पत्राला उत्तर दिले नाही, कारण घरचे तिला अडवितात. ती मंचावर थांबली, ती माझ्यासाठीच. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतील वाक्य मला येथे आठवले. अशा माणसाला रागावून किंवा समजावून भ्रम जात नाही, कारण युक्तिवाद ही त्या आजाराची दवा नव्हे. औषधोपचाराने आणि सातत्याच्या देखरेखीने मात्र पुष्कळांमध्ये भ्रमाचा जोर ओसरतो.

दुर्लक्ष झाल्यास काय होऊ शकते, याची उदाहरणे जगाने पाहिली आहेत. अमेरिकन अभिनेत्री रिबेका शेफर हिला १९८९ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिच्या दारातच एका चाहत्याने ठार केले. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अमेरिकेतील पहिला पाठलागविरोधी कायदा केला. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे सामना चालू असताना टेनिसपटू मोनिका सेलेस हिच्या पाठीत सुरा खुपसण्यात आला. हल्लेखोर तिची प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफ हिच्या वेडाने झपाटलेला होता. सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ खेळू शकली नाही.

३. लंडनचा धडा

ब्रिटनमध्ये २००६ साली एक वेगळा प्रयोग सुरू झाला. राजघराण्यातील व्यक्ती आणि राजकीय नेते यांना विचित्र पत्रे लिहिणाऱ्या, त्यांच्या निवासस्थानी वारंवार येणाऱ्या माणसांच्या प्रकरणांचा विचार करण्यासाठी पोलीस आणि सरकारी आरोग्यसेवेतील मानसोपचारतज्ज्ञ व परिचारिका यांचे एकत्रित केंद्र लंडनमध्ये स्थापन झाले. एकाच कार्यालयात बसून दोघांनी तोच कागद पाहावयाचा, ही त्यामागील कल्पना. पोलीस पत्रात धमकी शोधतात, तर डॉक्टर आजार शोधतात. धमकी नसलेले, प्रेमाने ओथंबलेले पत्रही धोक्याचे असू शकते, हे डॉक्टरांच्या नजरेला दिसते.

या केंद्राने हाताळलेल्या पहिल्या १०० प्रकरणांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८६ व्यक्तींना भ्रम-भासांचा गंभीर मानसिक आजार होता. ५७ जणांना स्थानिक सेवांनी रुग्णालयात दाखल करून घेतले आणि २६ जणांना समाजात राहूनच उपचार देणाऱ्या पथकांनी स्वीकारले. म्हणजे पूर्वी ज्यांना ‘उपद्रवी’ म्हणून हाकलून दिले जाई, ती बहुतांशी उपचारावाचून राहिलेली आजारी माणसे होती. प्रसिद्ध व्यक्तीच्या संरक्षणासाठी उघडलेल्या दारातून आजारी माणसांना औषध मिळू लागले. संरक्षण आणि करुणा यांत येथे विरोध राहिला नाही, हे मला या प्रयोगाचे सर्वांत मोठे फलित वाटते.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. पाठलाग करणाऱ्यांत काही मनोरुग्ण असतात, याचा अर्थ मनोरुग्ण धोकादायक असतात असा होत नाही. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करीत नाहीत. उलट त्यांनाच मारहाण, फसवणूक आणि हेटाळणी सोसावी लागते. या लेखाचा उपयोग कोणी अशा कुटुंबाकडे संशयाने पाहण्यासाठी केला, तर तो लेखाचा विपर्यास ठरेल.

४. आपल्या भूमीतील अनुभव

आता आपल्या परिसराकडे वळू. जानेवारी २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे येथे एका विद्यार्थिनीची तिच्या मागे लागलेल्या तरुणाने हत्या केली. पुढच्याच महिन्यात, ३ फेब्रुवारी रोजी, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे महाविद्यालयात जाणाऱ्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटविण्यात आले. १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयाने आरोपीला जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

या घटनांनी विदर्भ हादरला. त्याच फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयाच्या शिबिरात विद्यार्थिनींना एक शपथ देण्यात आली. आम्ही प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही आणि हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असा तिचा आशय होता. शपथेवर राज्यभर टीका झाली. शपथ मुलींनाच का, मुलींवर ॲसिड फेकणार नाही, त्यांना जाळणार नाही, अशी शपथ मुलांना द्या, असे त्या वेळी म्हणणाऱ्यांत पंकजा मुंडे होत्या. २०२५ मध्ये त्या राज्याच्या मंत्री असताना त्यांनाच अश्लील फोन आणि संदेश येऊ लागले. सायबर पोलिसांनी त्या आरोपावरून पुण्यातून एका तरुणाला अटक केली. गावातील विद्यार्थिनी असो वा मंत्रिपदावरील स्त्री, पाठलाग करणाऱ्याच्या दृष्टीने अंतर फारसे नसते. अंतर असते ते संरक्षणात. मंत्र्याच्या तक्रारीमागे यंत्रणा उभी राहते, तर विद्यार्थिनीच्या तक्रारीनंतर बहुधा तिचीच शाळा सुटते.

या प्रकरणांतील आरोपींच्या मनःस्थितीचे निदान दुरून करण्याचा अधिकार कोणालाही नाही. असे क्रौर्य आजारामुळेच घडते, असे मानणेही चुकीचे होईल. मुलीचा नकार म्हणजे आपला अपमान, ही शिकवण घरातून, चावडीवरून आणि पडद्यावरून मिळालेली असते. ती आजाराची लक्षणे नव्हेत, ते संस्कारांचे अपयश आहे. म्हणून मानसिक आरोग्यसेवा शिक्षेला पर्याय होऊ शकत नाही. तिचे काम शिक्षेच्या आधीच्या काळात आहे. ज्याला आजार आहे त्याला उपचार मिळावेत, ज्याला आजार नाही पण नकार पचविता येत नाही त्याला समुपदेशन मिळावे, आणि ज्याने गुन्हा केला त्याला कायदा भेटावा, असे हे तीन स्वतंत्र मार्ग आहेत. आपल्याकडे पहिले दोन जवळजवळ बंद असल्याने सर्व भार तिसऱ्यावर पडतो, आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

५. उपचारापर्यंतची वाट

वऱ्हाडात मन बिघडलेल्या माणसाला प्रथम कोठे नेले जाते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीला जाणारी वाट अशा कुटुंबांच्या पावलांनी मळलेली आहे. भगत, अंगारा आणि मंत्रलेले धागे यांत महिने जातात, काही वेळा वर्षे जातात. श्रद्धेने गेलेल्या आईला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दुसरी वाट तिला कोणी दाखविलेली नसते. परंतु याच काळात आजार मुरतो. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, ही घटनाही आपण विसरता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास संपूर्ण मनाई केली आहे.

दुसरी वाट आहे. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने पसरत आला आहे. दाखल करण्याची गरज भासल्यास विदर्भासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीत बोलता येते. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतात.

ही वाट चालण्याजोगी आहे, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात मिळाला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ‘संगाथ’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबविला. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलावे, प्रशिक्षित समुपदेशकांनी आधार द्यावा आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ‘विश्राम’चा पाठलागाशी थेट संबंध नव्हता. परंतु आपल्या माणसांना मदत मागण्याची लाज वाटते, ती मागणारच नाहीत, हा समज त्याने खोटा ठरविला. दारापर्यंत कोणी आपुलकीने आले, तर वऱ्हाडी माणूस मन मोकळे करतो.

२०१७ च्या कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरू शकणारी व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्यसंस्थेत न्यावे, तिला कोठडीत ठेवू नये, असे कलम १०० सांगते. तीन दिवस घरासमोर बसलेल्या मुलाच्या बाबतीत ही तरतूद त्याच्या आईला ठाऊक असती, तर तिची धावाधाव बरीच कमी झाली असती.

६. गुप्तता आणि सावधगिरी

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकाने किंवा समुपदेशकाने उघड करावी काय? या प्रश्नावरील जगप्रसिद्ध निकाल ज्या प्रकरणातून आला, त्यात भारतातून अमेरिकेत शिकावयास गेलेला एक विद्यार्थी होता. बर्कली येथील विद्यापीठात, परक्या देशातील वसतिगृहात, एका मुलीच्या साध्या मैत्रीचा त्याने भलताच अर्थ लावला. तिने नकार दिल्यावर तो खचला, एकटा पडला आणि तिच्यावर पाळत ठेवू लागला. एका मित्राच्या आग्रहावरून तो मानसोपचारासाठी गेला आणि तेथे त्याने तिला मारण्याचा विचार बोलून दाखविला. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडले. त्याचे उपचार खंडित झाले. मुलीला मात्र कोणीही सावध केले नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिची हत्या केली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘तारासॉफ’ या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी योग्य ती पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या २०१७ च्या कायद्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते, पण दुसऱ्याला इजेपासून वाचविण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही ठेवते.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, वसतिगृहातील मित्राला सर्वांत आधी कळते आणि त्याचा आग्रह परिणामकारक ठरू शकतो. दुसरी, उपचार सुरू होणे पुरेसे नाही. ते मध्येच तुटले तर पूर्वीपेक्षा एकाकीपण वाढते.

७. आपण काय करू शकतो?

प्रथम लक्षणे ओळखावीत. एखाद्या कलावंताचा चाहता असणे हा आजार नव्हे. तिची गाणी ऐकणे, छायाचित्र भिंतीवर लावणे हे वयाला साजेसेच आहे. परंतु तिच्या गाण्यात, कपड्यांच्या रंगात, बोलण्यात आपल्यासाठी संदेश आहे असे मुलगा म्हणू लागला. झोप, जेवण आणि मित्र सुटले. घरातील पैसे घेऊन तिच्या कार्यक्रमांमागे गावोगाव फिरू लागला. कोणीतरी आपल्याला आणि तिला दूर ठेवण्याचा कट करीत आहे असे त्याला वाटू लागले, तर ती मदतीची वेळ होय. असे बदल मुलींमध्येही होतात.

दुसरे, हसू नये. पाटाचारेची कथा आपण विहारात ऐकतो. पती, मुले, आईवडील सर्व गमावून भान हरपलेल्या त्या स्त्रीला वेडी म्हणून लोकांनी ढेकळे मारली. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले. ती सावरली आणि पुढे विनयात अग्रगण्य थेरी झाली. हसणारे आणि जवळ येऊ देणारे, या दोहोंपैकी आपली शाळा कोणत्या बाजूस उभी राहणार, हे त्या खोलीतील पहिल्या पाच मिनिटांत ठरते.

तिसरे, शाळेत समुपदेशक असावा. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमणे अपेक्षित आहे. संस्थेचे बळ मर्यादित आहे, हे मी जाणतो. येथेच माजी विद्यार्थ्यांना विनंती करावीशी वाटते. आपणांपैकी अनेक जण डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते झाले आहेत. स्मरणिकेला जाहिरात देता तसाच महिन्यातील एक रविवार शाळेला द्यावा.

चौथे, जिचा पाठलाग होत आहे तिच्याकडून किंमत घेऊ नये. तिचे शिक्षण, गाणे, मोबाइल, बाहेर जाणे बंद करणे हा उपाय नव्हे. तिने एकदा स्पष्ट नकार द्यावा, त्यानंतर उत्तर देऊ नये, संदेश जपून ठेवावेत आणि ११२ अथवा १८१ या क्रमांकावर किंवा दामिनी पथकाकडे तक्रार करावी. आजारी मुलावर उपचार चालू असले, तरी तिचा तक्रारीचा हक्क कमी होत नाही.

पाचवे, उपचार सुरू झाल्यावर कुटुंबाला एकटे सोडू नये. औषध वेळेवर घेतले जाते का, तपासणीची तारीख चुकते का, एस.टी.च्या भाड्याला पैसे आहेत का, एवढी चौकशी विहारातील महिला मंडळ सहज करू शकते.

त्या मुलाविषयी सांगून थांबतो. नागपूरला काही काळ आणि नंतर अकोल्याला त्याचे उपचार झाले. आज तो एका छापखान्यात काम करतो, औषध घेतो, आईला सांभाळतो. त्या गायिकेने मात्र पुढे वर्षभर आमच्या भागात कार्यक्रम घेतला नाही, असे मला कळले. तिचे ते वर्ष आणि त्याची दोन वर्षे वाचविणे शक्य होते. वही माझ्या हातात होती, आणि जिल्हा रुग्णालय शाळेपासून एका बसच्या अंतरावर होते.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात किंवा वस्तीत ‘नाद लागला’ असे म्हणून दुर्लक्षित झालेला एखादा तरुण आठवतो काय? त्याच्यात वर दिलेल्यांपैकी कोणती लक्षणे होती?
२. चांदूर रेल्वे येथील शपथेऐवजी त्या शिबिरात मुले आणि मुली या दोघांनाही काय शिकविता आले असते?
३. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणत्या प्रसंगी मोठ्यांना सांगणे हीच खरी मैत्री ठरते?
४. आपल्या गावापासून मानसोपचाराची सर्वांत जवळची शासकीय सोय कोठे आहे, तिचा वार आणि वेळ कोणती, याची माहिती काढून विहाराच्या फलकावर लावता येईल काय?